डॉकचा लहान स्टिरिओ संच घेताना पैसे कशाचे मोजावेत?

घरात, दुकानात किंवा कारखान्यात ठेवण्याजोगा लहान स्टिरिओ संच घ्यायचा म्हटले, तर बाजारात दोन प्रकारचा माल समोर येतो. एक नवा, बिनतारी ब्लूटूथवर चालणारा. दुसरा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. त्याच्या माथ्यावर किंवा पुढच्या अंगाला म्युझिक प्लेयर उभा करून बसवण्याची खाच असते. या खाचेलाच डॉक म्हणतात. असे संच जुन्या मालाच्या बाजारात दिसतात, आखातातून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानातून येतात, आणि दुकानदारांच्या माळ्यावरही न खपलेले पडून असतात. नाव मोठ्या कंपनीचे, दिसायला देखणा, किंमत निम्म्याहून कमी. गिऱ्हाईक खूष होऊन घरी नेते, आणि तेथे खिशातला फोन त्या खाचेत बसतच नाही.

मग हा माल घ्यावा की न घ्यावा? आमचे उत्तर असे की घ्यावा, पण डॉक पाहून घेऊ नये. संचातल्या प्रत्येक भागाचे आयुष्य वेगळे असते. चांगला स्पीकर वीस वर्षे चालतो, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊ शकतो. डॉकचा सांधा मात्र न झिजता, न मोडता, केवळ फोनची घडण बदलली म्हणून निकामी होतो. मेहनतीचे पैसे टिकाऊ भागासाठी मोजावेत, हाच या खरेदीचा खरा हिशेब आहे.

डॉक आला कोठून?

अ‍ॅपल कंपनीने आयपॉड हा म्युझिक प्लेयर ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर केला. २००३ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याच्या तळाला ३० पिनांचे रुंद सॉकेट आले. या एका सॉकेटातून चार्जिंग होई, संगणकाशी जोडणी होई आणि गाण्याचा आवाजही थेट बाहेर काढता येई. पुढे २००७ मध्ये आलेल्या आयफोनलाही हेच सॉकेट होते. एकच सांधा कोट्यवधी यंत्रांना चालतो म्हटल्यावर स्पीकर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले संच त्या मापाने घडवले. सोनी, फिलिप्स, जेव्हीसी, यामाहा अशा अनेक कंपन्यांनी रेडिओ, सीडी आणि डॉक असा तिहेरी लहान संच विकला.

या काळातले दोन संच शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. बोस कंपनीचा साउंडडॉक २००४ साली आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीला दुसऱ्या कोणत्याही यंत्राचा आवाज आत घेण्याचे सॉकेट नव्हते. आयपॉड बसवा आणि ऐका, इतकेच. पुढच्या आवृत्तीत कंपनीने ते सॉकेट दिले. दुसरा संच अ‍ॅपलचा स्वतःचा, आयपॉड हाय-फाय. तो फेब्रुवारी २००६ मध्ये ३४९ डॉलरना आला आणि सप्टेंबर २००७ मध्ये बंदही झाला. बाजारात तो फसला, पण त्याच्या पाठीला साधे ३.५ मिलीमीटरचे सॉकेट होते. त्यामुळे आजही एक तार लावून त्यावर कोणताही फोन, रेडिओ किंवा टी.व्ही. वाजवता येतो. पहिल्या साउंडडॉकवर तसे करायला वेगळी जुळणी लागते. बाजारात कोण जिंकला यापेक्षा पाठीला कोणते सॉकेट होते, हे वापरणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडले.

सांधा मेला कसा?

पहिला धक्का २००८ मध्ये बसला. सुरुवातीच्या अनेक डॉकांत चार्जिंग १२ व्होल्टच्या जुन्या पिनांवरून होत असे. त्या वर्षी आलेल्या आयफोन ३जी आणि नव्या आयपॉड टच व नॅनोने ती सोय काढून टाकली व फक्त ५ व्होल्टच्या यू.एस.बी. पिना ठेवल्या. परिणाम असा की प्लेयर खाचेत नीट बसे, गाणे वाजे, पण चार्ज होईना. गिऱ्हाइकाला वाटे संच बिघडला. वास्तविक दोन्ही यंत्रे ठणठणीत होती.

दुसरा आणि मोठा धक्का सप्टेंबर २०१२ चा. आयफोन ५ बरोबर लायटनिंग हा अरुंद सांधा आला. जुन्या खाचेत तो बसत नाही. मधला जोड म्हणून अडॅप्टर २९ डॉलरना विकला गेला. लायटनिंगमधून आवाज अंकांच्या रूपाने बाहेर पडतो, म्हणून त्याचे पुन्हा आवाजाच्या विजेत रूपांतर करणारा भाग त्या अडॅप्टरमध्ये घालावा लागला. नुसत्या तारा जोडलेला स्वस्त अडॅप्टर आवाज का देत नाही, याचे कारण हेच होय.

तिसरा बदल २०२३ चा. आयफोन १५ पासून लायटनिंग जाऊन टाइप-सी सांधा आला. दरम्यान मोठा आयपॉड, म्हणजे क्लासिक, २०१४ मध्ये बंद झाला, आणि २०२२ च्या मे महिन्यात शेवटचा आयपॉड टचही कंपनीने थांबवला. वीस वर्षांत तीन सांधे झाले.

अँड्रॉइड फोनची तर वेगळीच गत होती. कोणाचे सॉकेट तळाला, कोणाचे बाजूला, कोणाचे मध्यभागी, कोणाचे कडेला. त्यामुळे एक खाच सर्वांना बसणे शक्यच नव्हते. फिलिप्सने २०११ मध्ये अँड्रॉइडसाठी डॉक काढले, तेव्हा सॉकेटातून फक्त चार्जिंग दिले आणि आवाज ब्लूटूथने घेतला. पुढे बाजार कोणत्या दिशेला जाणार, हे तेथेच दिसून आले होते.

पाठीमागचे सॉकेट आधी पाहा

म्हणून दुकानात संच समोर आला की पुढचे दिवे पाहण्याआधी तो फिरवून पाठ पाहावी. ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’ लिहिलेले ३.५ मिलीमीटरचे भोक, किंवा लाल-पांढरी गोल सॉकेटांची जोडी असेल, तर तो संच कधी जुना होत नाही. कोणत्याही काळातले यंत्र त्याला साध्या तारेने जोडता येते. हे सॉकेट नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी दोनदा विचार करावा.

आता फोनच्या बाजूची अडचण. आयफोनने २०१६ मध्ये हेडफोनचे भोक काढून टाकले आणि इतर अनेक कंपन्यांनी त्याचे अनुकरण केले. अशा टाइप-सी फोनसाठी टाइप-सी ते ३.५ मिलीमीटरचा लहान जोड लागतो. हे जोड दोन जातींचे असतात. एकात आवाजाचे रूपांतर करणारा भाग असतो, दुसऱ्यात नुसत्या तारा. नुसत्या तारांचा जोड काही फोनवर चालतो, काहींवर मुका राहतो. आत रूपांतराचा भाग असलेला जोड घेणे शहाणपणाचे. आपल्या फोनवर वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तार नको असेल तर ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. काडेपेटीएवढी ही डबी ऑक्स सॉकेटाला जोडली की जुना संच बिनतारी होतो. साधारण दहा मीटरपर्यंत ती काम करते. मध्ये भिंत आली की अंतर घटते. ३० पिनांच्या खाचेवरच बसणारे रिसीव्हरही निघाले. ऑक्स नसलेल्या संचाला त्यांचा आधार आहे, पण सगळ्याच डॉकांवर ते चालत नाहीत. कारण काही संच प्लेयर ओळखल्याची खूण मिळाल्याखेरीज आवाजाचा मार्ग उघडत नाहीत. येथेही वाजवून पाहणे हाच उपाय.

यू.एस.बी. सॉकेट दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. काही संचांत ते फक्त चार्जिंगसाठी असते. पेनड्राइव्ह वाजवणाऱ्या जुन्या संचांना बहुधा फॅट ३२ या पद्धतीने आखलेलीच पेनड्राइव्ह वाचता येते. ६४ जी.बी. व त्यापुढच्या पेनड्राइव्ह बहुतेक दुसऱ्या पद्धतीने आखलेल्या येतात. म्हणून ३२ जी.बी. किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह सोबत नेऊन तपासावे.

वॅटचा बनाव

लहान संचांच्या विक्रीत सर्वांत मोठी दिशाभूल वॅटच्या आकड्याने होते. खोक्यावर ‘२००० वॅट पी.एम.पी.ओ.’ असे ठळक छापलेले असते. या आकड्याला कोणतेही ठरलेले मोजमाप नाही. क्षणाच्याही अंशापुरती उसळी धरून तो फुगवलेला असतो. सतत मिळणारी ताकद सांगणारा आकडा आर.एम.एस. या नावाने दिला जातो. अमेरिकेत अशाच फसव्या आकड्यांमुळे १९७४ साली सरकारी नियम करून अ‍ॅम्प्लिफायरची सतत मिळणारी ताकद सांगणे सक्तीचे करावे लागले.

आर.एम.एस.चा आकडा कोठे लिहिला नसेल, तर आमच्या बांधवांनी एक सोपी कसोटी लावावी. संचाच्या पाठीवरची पट्टी वाचावी. ती तो किती वीज घेतो ते सांगते. पट्टीवर ३५ वॅट लिहिले असेल, तर त्यातून सतत ३५ वॅटहून कितीतरी पट जास्त आवाजाची ताकद निघणे शक्य नाही. काही भाग तर उष्णतेत जातो. अडॅप्टरवर चालणारा संच असेल तर व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. १२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे २४ वॅट. खोक्यावर काहीही छापलेले असो, कमाल मर्यादा तीच. जमेपेक्षा खर्च जास्त दाखवणारी वही जशी खोटी, तसा हा आकडा खोटा.

आणि वॅट जास्त म्हणजे आवाज तितक्या पटीने जास्त, हेही खरे नाही. ताकद दुप्पट केली की आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. स्पीकर किती कार्यक्षम आहे, यावरही बरेच अवलंबून असते. समजा, एका स्पीकरची क्षमता १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल आहे आणि त्याला १० वॅट मिळतात. दुसऱ्याची क्षमता ८५ डेसिबल आहे आणि त्याला २० वॅट मिळतात. दोन्हींचा आवाज सारखाच, ९८ डेसिबल. दुप्पट वॅटचे पैसे दिले, हाती जास्त काही आले नाही. दहा बाय बाराच्या खोलीला प्रत्येक बाजूस दहा वॅट आर.एम.एस. पुरून उरतात.

जागा पाहून संच निवडावा

एका पेटीचा डॉक आणि दोन सुट्या स्पीकरांचा संच यांत फरक आहे. एकाच पेटीत दोन स्पीकर हाताच्या वितीवर बसवलेले असतील, तर डावा-उजवा आवाज वेगळा ऐकू येत नाही. स्टिरिओचे खरे सुख हवे असेल, तर सुटे स्पीकर घ्यावेत. दोन्हींमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समोर बसावे. कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवले की खर्जाचा आवाज फुगतो आणि बोललेले शब्द गढूळ होतात.

शिलाई, जरी किंवा लाकूडकामाच्या कारखान्यात माणसे विखुरलेली असतात. तेथे डाव्या-उजव्याचा फायदा कोणालाच मिळत नाही. एका पेटीचा संच उंच फळीवर ठेवलेला बरा. यंत्रे असलेल्या त्याच बाकावर तो ठेवू नये. थरथरीने सांधे सैल होतात. धूळ आणि धागा आत जाऊ नये म्हणून सीडीचा ट्रे नसलेला संच अशा ठिकाणी जास्त टिकतो. वस्तीतल्या कारखान्याने हेही लक्षात ठेवावे की ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी आहे.

परदेशातून आलेला संच

कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक घरांत आखातातून आलेला संच असतो. दुबई, कुवेत, मस्कत येथील वीज २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झची असल्याने तिकडचा संच येथे चालतो. फक्त चौकोनी पिनांची प्लग बदलावी लागते. सौदी अरेबियात मात्र अनेक वर्षे घरांतून १२७ व्होल्टचीही वीज होती. अमेरिकेत १२० आणि जपानात १०० व्होल्ट असतात. असा संच थेट येथल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून पट्टीवर ‘१००–२४०’ लिहिले आहे का, किंवा व्होल्टेज बदलण्याचा खटका आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरावा.

रेडिओचाही प्रश्न असतो. जपानातली एफ.एम. केंद्रे ७६ ते ९५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत, तर आपली ८८ ते १०८ च्या. त्यामुळे केवळ जपानसाठी बनलेल्या संचावर आपली बरीच केंद्रे लागतच नाहीत. अमेरिकी संच मिडियम वेव्हवर १० किलोहर्ट्झच्या उड्या मारतो, आपली केंद्रे ९ च्या अंतराने बसवलेली असतात. काही संचांत हे बदलण्याची सोय असते. ज्यांना बातम्यांसाठी रेडिओ लागतो त्यांनी हे दुकानातच तपासावे.

जुना संच घेताना

लॅमिंग्टन रोड असो, चोर बाजार असो वा गावातले जुन्या मालाचे दुकान, पुढील गोष्टी तेथेच पाहून घ्याव्यात.

१. स्पीकरची जाळी काढता येत असेल तर काढावी. कागदाच्या कडेला फोमची पट्टी असेल, तर ती दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होते. बोट लावताच तुकडे पडत असतील तर किंमत कमी करून मागावी. रबराची कडा जास्त टिकते.

२. बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे नेऊन प्रत्येक स्पीकर वेगळा ऐकावा.

३. आवाजाचे बटण हळूहळू फिरवावे. खरखर आली तर बहुधा ती साफसफाईने जाते. पण हा मुद्दा भाव करताना उपयोगी पडतो.

४. काहीही न वाजवता आवाज अर्ध्यावर न्यावा. जाड घूं असा सूर आला, तर आतले कॅपॅसिटर थकले असण्याचा संभव असतो.

५. पंधरा मिनिटे चांगल्या आवाजात वाजवून पाठीला हात लावावा. कोमट असणे ठीक. जळका वास आला तर सोडून द्यावा.

६. अडॅप्टर मूळचा आहे का ते पाहावे. दुसरा असेल तर व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि मधल्या पिनेची धन-ऋण बाजू तीच हवी.

७. सुट्या स्पीकरच्या तारा लाल ते लाल, काळी ते काळी लावाव्यात. एका बाजूची उलटी लागली तर खर्ज नाहीसा होतो आणि चांगला संच पोकळ वाटतो.

व्यापारी आणि कारागिरांसाठी

माळ्यावर डॉकचे संच पडून असतील, तर ते भंगारात घालण्याची घाई करू नये. ज्याला ऑक्स आहे असा संच तार आणि ब्लूटूथ रिसीव्हरसह जोडून, वाजवून दाखवून विकला तर तो मार्गी लागतो. मात्र डॉक आजच्या फोनला उपयोगी नाही, ही गोष्ट गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावी आणि बिलावरही लिहावी: ‘डॉक वापराबाहेर, ऑक्स चालू’. मालातला ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही. लपवून विकलेला येतो, आणि सोबत चार शेजाऱ्यांनाही घेऊन येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष मालाबद्दल तक्रार दुकानदारावरही होऊ शकते, हेही ध्यानात असावे. हमी कंपनीची किती आणि दुकानाची किती, हे बिलावर स्वच्छ असावे.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना यात काम आहे. फोमची कडा बदलणे, फुगलेले कॅपॅसिटर काढणे आणि ऑक्स नसलेल्या संचाला ते बसवून देणे ही कामे हातोटीची आहेत, आणि त्यांना भारी यंत्रसामग्री लागत नाही. ऑक्स बसवताना आवाजाची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, आवाजाच्या बटणाच्या मागच्या टोकाला घ्यावी लागते. संच उघडण्यापूर्वी प्लग काढावा. मोठे कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ विजेने भरलेले राहतात. ज्या संचांत विजेची थेट बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली नाही, त्यांना बाहेरून सॉकेट जोडणे जिवावर बेतू शकते. असे काम नाकारलेलेच बरे.

घेणाऱ्याने इतके केले तरी पुरे: आधी पाठीमागचे ऑक्स सॉकेट, मग स्पीकरची कडा, मग पट्टीवरचे व्होल्ट आणि वॅट, आणि डॉक सर्वांत शेवटी. खाच चालली तर तो वरचा फायदा समजावा. न चालली तरी ज्याचे स्पीकर चांगले आणि पाठीला सॉकेट आहे, तो संच पुढचा सांधा बदलला तरी घरात वाजत राहील.